पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

माणसाच्या मनातले विचार, आठवणी आणि स्वप्ने पडद्यावर दाखवणाऱ्या काल्पनिक यंत्रांवरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि धुळ्याहून त्यावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आधी आभार मानतो. सगळी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसाने कान धरला की तो सोडवून घेण्याची घाई करू नये, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

आपले आक्षेप तीन आहेत. अशी यंत्रे होणे नाही असे मी ठोकून दिले, पण जपानमध्ये २०१३ सालीच झोपलेल्या माणसाचे स्वप्न वाचले गेले आहे, हा पहिला. चित्रपटांत आठवण बाहेरून दिसते, म्हणजे आठवणारा माणूस आपल्याच आठवणीत उभा असलेला दिसतो, याला मी ‘ढोबळ चूक’ म्हटले, तो निव्वळ कीस काढण्याचा प्रकार आहे, हा दुसरा. आणि खान्देशात बसून परदेशी मालिकांतल्या यंत्रांची चिरफाड केल्याने कोणाचे काय भले होणार, हा तिसरा. शिवाय माझी एक चूक आपण दाखवून दिली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मनातले दृश्य पडद्यावर उमटवणारे यंत्र ‘क्वाटरमास अँड द पिट’ या १९६७ सालच्या ब्रिटिश चित्रपटात प्रथम दिसले, असे मी लिहिले होते. तो चित्रपट बीबीसीच्या त्याच नावाच्या मालिकेवरून घेतलेला होता आणि ती मालिका डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९ या काळात दाखवली गेली होती, ही आपली दुरुस्ती बरोबर आहे. लेखात तसा बदल केला आहे. ‘प्रथम’ हा शब्दही काढून टाकला आहे, कारण ‘प्रथम’ म्हणताना लिहिणारा बहुधा त्याला ठाऊक असलेले सर्वांत जुने उदाहरण तेवढे सांगत असतो.

आता जपानच्या प्रयोगाविषयी. मी ‘अशक्य’ असे लिहिले नव्हते, ‘चित्रपटात दाखवतात त्या स्वरूपात अशक्य’ असे लिहिले होते, आणि आपला माझा मतभेद नेमका या दोन विधानांमधल्या अंतरात आहे. क्योटोजवळच्या प्रयोगशाळेत युकियासू कामितानी यांच्या गटाने केलेल्या त्या प्रयोगात माणसे अवघी तीन होती. त्यांना एमआरआय यंत्रात झोपवले जाई, डोक्याला लावलेल्या तारांवरून डोळा लागल्याचे कळले की थोड्याच वेळात उठवले जाई, काय दिसत होते ते विचारून लिहून घेतले जाई आणि पुन्हा झोपू दिले जाई. हे प्रत्येकाच्या बाबतीत किमान दोनशे वेळा झाले. (रात्रपाळीचा वॉचमनसुद्धा इतक्या वेळा उठवून घेणार नाही.) त्यांच्या सांगण्यात वारंवार आलेल्या वस्तूंची छायाचित्रे त्यांनाच जागेपणी दाखवून मेंदूचा प्रतिसाद नोंदवला गेला आणि त्या नोंदींवरून संगणकाला शिकवले गेले. मग झोपेतल्या नोंदींवरून, दोन पर्यायांपैकी कोणती वस्तू स्वप्नात होती हे संगणकाने सुमारे साठ टक्के वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी पन्नास टक्के मिळाले असते. वरचे दहा टक्के हे विज्ञानाचे फार मोठे यश आहे आणि ते मी कमी लेखत नाही. परंतु आपण त्या प्रयोगाच्या ज्या चित्रफितीचा उल्लेख केला आहे, तिच्यातली चित्रे त्या माणसांच्या डोक्यातून निघालेली नव्हती; संगणकाने ओळखलेल्या वस्तूंना जुळतील अशा इंटरनेटवरच्या छायाचित्रांची ती जुळणी होती.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, यंत्राचे उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला त्या माणसाने उठल्यावर सांगितलेल्या शब्दांखेरीज दुसरा कोणताही ताळा उपलब्ध नव्हता. गणिताचा ताळा आपण मुलांना शिकवला असेलच. इथे ताळा करणारा आणि गणित सोडवणारा एकच आहे. झोपेतून उठलेला माणूस ‘गाडी’ म्हणाला म्हणून गाडी होती; ती खरोखर होती की उठता उठता त्याने ती जुळवली, हे सांगायला दुसरा साक्षीदार नाही. २०११ साली अमेरिकेत बर्कलीला मेंदूशास्त्रज्ञ जॅक गॅलंट यांच्या गटाने माणूस पाहत असलेली चित्रफीत मेंदूच्या नोंदींवरून पुन्हा उभी केली, तिथे हा ताळा होता, कारण मूळ चित्रफीत शेजारी ठेवता येत होती. २०२३ साली टेक्सासमध्ये, प्रत्येकी सोळा तास यंत्रात पडून गोष्टी ऐकलेल्या माणसांच्या बाबतीत, मेंदूच्या नोंदींवरून गोष्टीचा आशय शब्दांत मांडता आला. पण एकाच्या मेंदूवर शिकलेला संगणक दुसऱ्याच्या मेंदूपुढे निरुत्तर झाला, आणि ऐकणाऱ्याने मनातल्या मनात प्राण्यांची नावे घ्यायला किंवा दुसरीच गोष्ट रचायला सुरुवात केली की त्याच्याही नोंदींतून गोष्टीचा आशय सापडेनासा झाला. म्हणजे आजचे खरे यंत्र माणसाने मनापासून साथ दिली तरच चालते. चित्रपटातले यंत्र मात्र खुर्चीला बांधलेल्या माणसाच्या डोक्यातूनही स्वच्छ, रंगीत, चारही कडा काटकोनात असलेले चित्र बाहेर काढते, आणि ते खोटे असू शकेल अशी शंका त्या खोलीतल्या कोणालाही येत नाही. माझा आक्षेप त्या स्वच्छपणाला आहे, यंत्राला नाही.

दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या १९९१ च्या ‘अनटिल द एंड ऑफ द वर्ल्ड’ची मी स्तुती केली आणि आपल्याला त्यातली स्वप्ने ‘सिग्नल गेलेल्या टीव्हीसारखी’ वाटली, ते याच कारणामुळे. त्या चित्रपटातले यंत्र आधी एका अंध स्त्रीला जग दाखवण्यासाठी बांधलेले असते; पुढे त्याच यंत्रावर स्वप्ने टिपली जातात आणि पात्रे हातातल्या लहानशा पडद्यावर आपापली स्वप्ने पाहण्याच्या व्यसनात बुडतात. ती स्वप्ने फुटलेल्या रंगांच्या डागांसारखी आहेत. इतरांना त्यांत काही कळत नाही, आणि ज्याचे स्वप्न त्याला मात्र डोळे बाजूला करवत नाहीत. मला हे इतर कुठल्याही चकचकीत यंत्रापेक्षा खरे वाटते. ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या २०११ च्या ज्या भागाचा दाखला आपण दिलात, त्यात कानामागे बसवलेले यंत्र डोळ्यांनी पाहिलेले सगळे साठवते आणि हवे तेव्हा दाखवते. पण ती आठवण नव्हे, तो डोळ्यात बसवलेला कॅमेरा आहे. दोन्हींची गल्लत मी माझ्या लेखातही केली होती, म्हणून याचा दोष आपल्याला देत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला वेळ लागेल, म्हणून तिसऱ्याचे आधी आटोपतो.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी फिट येत असे. जळगावच्या एका दवाखान्यात तिचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, काढायला आम्ही गेलो होतो. आदल्या रात्री शिकेकाईने धुतलेल्या, तेल न लावलेल्या तिच्या केसांत भांग पाडत तंत्रज्ञ पांढरी चिकट पेस्ट लावत होता आणि एकेक तार बसवत होता. पडद्यावर रेषा सरकू लागल्या. त्याने तिला डोळे मिटायला सांगितले, तशा मागच्या बाजूच्या तारांच्या रेषा एकदम ठसठशीत, एका लयीत हलू लागल्या. डोळे उघडताच ती लय मोडली. आई पडद्याकडे टक लावून पाहत होती. तिने हळूच विचारले, “तिना मनमा काय चाली ऱ्हायनं, ते दखास का आठे?” तंत्रज्ञ हसला नाही. तो म्हणाला, “नाही मावशी, मन नाही दिसत, फक्त करंट दिसतो.” डोळे मिटल्यावर उमटणारी ती लय, सेकंदाला आठ ते तेरा लहरींची, हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने शोधली. तरुणपणी तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला तो संकटात असल्याचे वाटून घरून त्याची विचारपूस करणारी तार आली, तेव्हापासून एका मनातले दुसऱ्या मनात कसे जाते या ध्यासाने तो पछाडला होता. १९२४ साली त्याला माणसाच्या मेंदूची पहिली नोंद मिळाली आणि १९२९ साली त्याने ती प्रसिद्ध केली. शोधायला गेला मन आणि हाती लागला करंट. माझ्या आईचा प्रश्न आणि बर्गरचा प्रश्न एकच होता, म्हणून हा विषय मला परदेशी वाटत नाही.

तो आपल्या न्यायालयांनाही परका राहिलेला नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत नोंदींचा पुरावा विचारात घेऊन शिक्षा सुनावली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्याच्या निकालात, नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. आणि ‘पाहणारा स्वतः कधी पाहण्याची वस्तू होऊ शकतो का’ या प्रश्नावर ज्या अमळनेरात मी हे लिहीत बसलो आहे, तिथले तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था १९१६ पासून उभी आहे. प्रताप शेठजींनी ती स्थापन केली, आणि ग. र. मलकानींसारखे अद्वैती इथे राहून हाच काथ्याकूट इंग्रजी त्रैमासिकातून जगापुढे मांडत होते. आमच्या गावात या विषयाला परदेशी म्हणण्याची सोय नाही, सर.

आता आठवण बाहेरून दिसण्याविषयी. इथे आपले बरोबर आहे आणि माझे चुकले आहे, मात्र आपण दिलेल्या कारणामुळे नाही. ‘सिनेमाची सोय असते, तेवढे चालवून घ्यावे’ असे आपण लिहिले आहे. पण चालवून घेण्याची गरजच नाही. जॉर्जिया निग्रो आणि उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये माणसांना त्यांच्या आठवणी विचारल्या, तेव्हा पुष्कळ आठवणींत माणसे स्वतःलाच बाहेरून, जणू तिसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असल्याचे आढळले, आणि जुन्या आठवणींत असे अधिक घडत होते. म्हणजे चित्रपटाचा कॅमेरा ज्याला मी चूक म्हटले तेच करत होता आणि बरोबर करत होता. मात्र यातून निघणारी गोष्ट चित्रपटातल्या पोलिसांना परवडणारी नाही. तुमच्या आठवणीत तुम्हीच उभे दिसत असाल, तर ते चित्र तुमच्या डोळ्यांनी टिपलेले नाही. त्या जागी कोणाचाच डोळा नव्हता. ते नंतर कधीतरी रचले गेले आहे.

हे मला निबंध वाचून पटले नसते. पटले ते आमच्या ओट्यावर. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात पूर्वी तंबूचा सिनेमा येत असे. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आणि त्यांचे थोरले भाऊ नाना, दोघे लहानपणी एकाच रात्री तिथे गेले होते. तंबूत पडद्याच्या मागे बसायला पैसे कमी लागत. तिथून चित्र उलटे दिसे, अक्षरे उलटी, डावे ते उजवे. नाना सांगतात की आपण मागे बसलो होतो. आप्पांना हे अजिबात मान्य नाही. आपण पुढे, रेतीवर, अगदी पहिल्या रांगेत बसलो होतो, हे ते इतक्या खात्रीने सांगतात की रेतीचा गारवा आणि डोक्याला बांधलेले दोघांचे उपरणे यांसकट ते दृश्य ते उभे करतात. दोन पोरांच्या पाठी मला आत्ता दिसताहेत, असे ते म्हणतात. स्वतःची पाठ! आणि मग त्याच ओघात, कोणी न विचारता, पुढे सांगतात की त्या सिनेमातला राजा मोठा पराक्रमी होता, आणि डावखुरा होता. तलवार कायम डाव्या हातात.

नाना यावर काही बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे पाहतात.

आता आपले जपानी यंत्र आप्पांच्या डोक्याला लावले आणि ते सर्वस्वी बिनचूक चालले, असे धरू. पडद्यावर पहिल्या रांगेत बसलेली दोन मुले दिसतील, पाठमोरी. आणि त्यांच्या पुढ्यात, सरळ अक्षरांच्या सिनेमात, डावखुरा राजा. यंत्राने काहीही चुकवलेले नसेल. ‘ब्लॅक मिरर’मधल्या ‘क्रोकोडाइल’ या २०१७ च्या भागात विम्याची तपासनीस अशाच यंत्राने साक्षीदारांच्या आठवणी पाहते, आणि आठवण जागी व्हावी म्हणून त्यांना बिअरचा वास देते, रस्त्यावर वाजलेले गाणे ऐकवते. एकाच्या आठवणीवर न विसंबता ती पुढचा साक्षीदार शोधते. त्या कथेत मला सर्वांत विज्ञाननिष्ठ वाटले ते यंत्र नव्हे, ही तिची पद्धत. आप्पांच्या बाबतीत तिला नानांकडे जावेच लागले असते. आणि नाना नसते, तर तलवारीच्या हाताकडे तिचे लक्ष जायला हवे होते.

आपली प्रतिक्रिया आल्यानंतर मी ती आप्पांना वाचून दाखवली आणि राजाचा हात कोणता, हे पुन्हा विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की आम्ही पुढेही नव्हतो आणि मागेही नव्हतो, कडेला बांबूपाशी उभे होतो, तिथून तिरपे दिसत होते. नानांना मी हे अजून सांगितलेले नाही.

आपला,
अमळनेरहून