फ्रेडीने बँड सोडलाच नव्हता, दादा

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मामा, फ्रेडी मर्क्युरीने खरंच पैशासाठी क्वीन सोडलं होतं का रे?"

क्वीन म्हणजे ब्रिटनचा जगभर गाजलेला रॉक बँड आणि फ्रेडी त्याचा गायक. एवढ्या रात्री हा प्रश्न पडायचं कारण म्हणजे आमचा दादा. घरच्या ग्रुपवर त्याने एक फॉरवर्ड टाकला होता आणि खाली तिला टॅग करून लिहिलं होतं, 'वाच आणि विचार कर.' भाची पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये गाते. महिन्याभरापूर्वी तिने स्वतः लिहिलेली दोन गाणी होस्टेलच्या खोलीत रेकॉर्ड केली आणि एकटीच्या नावाने टाकली. तेव्हापासून बँडमधली पोरं तोंड पाडून बसली आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात तिचं एक गाणं ऐकलं नाही अशा नातेवाइकांनाही तिच्या भवितव्याची काळजी लागली आहे.

फॉरवर्ड तुमच्याकडेही फिरत आला असेल. नसेल तर सार असं: पाचगणीला शिकलेला आपला फारुख बलसारा बँडच्या जिवावर फ्रेडी मर्क्युरी झाला. मग डोक्यात हवा गेली. मोठ्या कराराच्या मोहात मित्रांना लाथ मारून एकटा निघाला. सोलो अल्बम सपशेल आपटला, वाईट संगत लागली, एड्सने गाठलं. तेव्हा डोळे उघडले, मित्रांची माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने परत घेतलं, आणि कित्येक वर्षं स्टेजवर न गेलेला बँड 'लाइव्ह एड' या लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या दुष्काळ-मदतीच्या कार्यक्रमात उभा राहून जगाला रडवून गेला. तात्पर्य, एकीचे बळ मिळते फळ. त्याखाली हात जोडलेले, गुलाबाचं फूल, वगैरे.

याच्या उलट टोकाला आमचा एक चुलतभाऊ. त्याने लगेच खाली टाकलं, 'कसला बँड? फ्रेडी म्हणजेच क्वीन. बाकीचे तिघे साथीला.' त्याच्याकडेही येतोच.

हा बहुतेक माल २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमातून उचललेला आहे. रामी मालेकला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं आणि काम त्याने केलंयही झकास. पण सिनेमातला घटनाक्रम म्हणजे पंचांग नव्हे.

आधी एड्सचं बघू, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. फॉरवर्डमधला क्रम असा आहे की बँड सोडला, मग आजार, मग पश्चात्ताप, मग लाइव्ह एड. म्हणजे मित्र सोडल्याची शिक्षा म्हणून आजार आला आणि माफी मागितल्यावर टाळ्या मिळाल्या. सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्यासारखं! प्रसाद टाकला म्हणून नाव बुडाली.

लाइव्ह एड झालं १३ जुलै १९८५ ला. फ्रेडीला एचआयव्हीचं निदान झालं ते एप्रिल १९८७ च्या अखेरीस. हे जिम हटन सांगतो. फ्रेडीच्या घरात शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिलेला, त्याची शुश्रूषा केलेला त्याचा जोडीदार. १९९४ साली त्याने आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात आहे. त्याच्यापेक्षा जवळचा साक्षीदार आणायचा असेल तर दादाने आणावा. म्हणजे मध्ये पावणेदोन वर्षं जातात, आणि बँडमधल्या बाकीच्यांना कळलं ते त्याच्याही नंतर. सिनेमात मात्र लाइव्ह एडच्या तालमीत फ्रेडी तिघांना जवळ घेऊन सांगतो असं दाखवलंय. सिनेमाला शेवटी एक मोठा प्रसंग हवा होता, म्हणून तारीख मागे ओढली. सिनेमावाले ते करणारच. पण त्या ओढलेल्या तारखेवर तुम्ही कर्मसिद्धांत उभा केलात, हे सिनेमानेही केलेलं नाही.

आणि निदान झाल्यावर या माणसाने काय केलं? १९८८ मध्ये 'बार्सिलोना' हा अल्बम. १९८९ मध्ये क्वीनचा 'द मिरॅकल', १९९१ च्या सुरुवातीला 'इन्युएन्डो'. त्यानंतरही स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत तो उभा राहील तितका वेळ गात होता. 'मदर लव्ह' या गाण्याचं शेवटचं कडवं क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याने गायलंय, कारण ते गायला फ्रेडी परत येऊ शकला नाही. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. यात माफीनामा कुठे दिसतो?

हे मी एवढं लावून धरतोय त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात आमच्या आळीत एक ट्रक ड्रायव्हर याच आजाराने गेला. त्याचं ताट-वाटी घरच्यांनी वेगळं काढलं होतं आणि आजूबाजूचे म्हणायचे, 'केलं तसं भोगतोय.' दादाही त्या आळीतच वाढला. तेच वाक्य आता गुलाबाच्या फुलासकट एकवीस वर्षांच्या पोरीला पाठवलं जातंय, तेही तिने दोन गाणी टाकली म्हणून.

आता 'मित्रांना लाथ मारून एकटा निघाला.' तो निघालाच नाही. फ्रेडीने क्वीन एक दिवसही सोडलं नव्हतं. आणि सोलो काम करणं हाच गुन्हा असेल, तर आरोपी नंबर एक ढोलवाला रॉजर टेलर. त्याचा स्वतःचा अल्बम 'फन इन स्पेस' १९८१ चा, दुसरा १९८४ चा. दोन नंबर गिटारवाला ब्रायन मे, ज्याने १९८३ मध्ये एडी व्हॅन हेलन या दुसऱ्या नामांकित गिटारवाल्याला बरोबर घेऊन 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' काढला. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' आला एप्रिल १९८५ च्या अखेरीस, या सगळ्यांच्या नंतर. सिनेमात तो सोलोची गोष्ट काढतो तेव्हा मित्रांच्या पायाखालची जमीन सरकते. प्रत्यक्षात त्या मित्रांच्या स्वतःच्या रेकॉर्डी तोवर दुकानात लागल्या होत्या.

त्या अल्बमच्या वेष्टणावर आभार छापलेत ते वाचण्यासारखे आहेत. अल्बम अर्पण केलाय त्याच्या मांजरीला, जेरीला, आणि जगभरच्या मांजरप्रेमींना. बाकीचे सगळे गेले खड्ड्यात, अशा अर्थाची पुस्ती जोडून. आणि ब्रायन, रॉजर आणि बेसवाला जॉन डीकन या तिघांचे खास आभार मानलेत, कशाबद्दल, तर ढवळाढवळ न केल्याबद्दल. भांडून घर सोडलेला माणूस असं छापत नाही. शेजारी राहणारा भाऊच असा टोमणा मारू शकतो.

'कित्येक वर्षं स्टेजवर न गेलेला बँड' तर निव्वळ गंमत आहे. जानेवारी १९८५ मध्ये हे चौघे ब्राझीलमध्ये 'रॉक इन रिओ'ला वाजवत होते. एप्रिलमध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. फ्रेडीचा सोलो अल्बम बाहेर आला त्या आठवड्यात क्वीन सिडनीत होतं. मे महिन्यात जपान. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम १५ मे ला ओसाकात झाला. तिथून लाइव्ह एडपर्यंत दोन महिनेही होत नाहीत. आमच्याकडे गणपती उठल्यावर ढोलपथकं याहून जास्त सुट्टी घेतात.

बरं, यात अर्धं खरं आहे तेही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी काढेलच. १९८३ मध्ये चौघांनी एकमेकांपासून सुट्टी घेतली होती, कंटाळले होते. १९८२ च्या 'हॉट स्पेस' अल्बमवर जुने चाहते नाराज होते, आणि अमेरिकेत १९८२ नंतर फ्रेडीसोबतच्या क्वीनचा दौरा झालाच नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन वाजवलं त्याबद्दल शिव्या खाल्ल्या, आणि त्या खायलाच हव्या होत्या. म्हणजे लाइव्ह एडच्या आधी बँडची पत घसरली होती हे मान्य. पण ती चौघांनी मिळून घसरवली होती, फ्रेडीच्या सोलो अल्बमने नव्हे.

सोलो आपटला का? अमेरिकेत, हो. तिथे 'मिस्टर बॅड गाय' पहिल्या शंभरातही आला नाही. ब्रिटनमध्ये तोच अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. याला सपशेल आपटणं म्हणत असतील तर असं आपटायला मिळावं म्हणून लोक नवस बोलतील. १९८७ मध्ये त्याचं 'द ग्रेट प्रिटेंडर' हे गाणं ब्रिटनच्या पहिल्या पाचात होतं. मग मॉन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबरचं 'बार्सिलोना' हे गाणं पहिल्या दहात आलं, आणि १९९२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी, फ्रेडी गेल्यावर, दुसऱ्या क्रमांकावर. १९९३ मध्ये 'लिव्हिंग ऑन माय ओन' नव्या रिमिक्समध्ये थेट पहिलं. रॉकवाल्याने ऑपेरावालीबरोबर गावं हा वेडेपणा बँडच्या अल्बमवर त्याला करता आला नसता, आणि मला विचाराल तर त्याच्या आवाजाचा खरा आवाका तिथे कळतो. फ्रेडीने स्टेजवर शेवटचा कार्यक्रम केला तोही काबायेबरोबरच, ऑक्टोबर १९८८ मध्ये बार्सिलोनात.

आता चुलतभाऊ. फ्रेडी म्हणजेच क्वीन, नाही का? लाइव्ह एडची ती एकवीसेक मिनिटं काढ आणि बोटांवर मोज. सहा गाणी झाली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', 'वी आर द चॅम्पियन्स' ही फ्रेडीची. 'रेडिओ गा गा' रॉजर टेलरचं. 'हॅमर टु फॉल' आणि 'वी विल रॉक यू' ब्रायन मेची. बरोबर निम्मी निम्मी. ज्या क्षणाचा फोटो सगळे टाकतात, वेम्ब्लीतले हजारो हात एकदम वर जाऊन टाळी वाजवतात तो, ते गाणं ढोलवाल्याने लिहिलंय. क्रिकेटच्या मैदानावर दोनदा पाय आपटून एकदा टाळी देतो आपण, ते गिटारवाल्याचं (ज्याने पुढे साठी गाठताना खगोलभौतिकीत पीएचडी केली, त्याचा फॉरवर्ड कोणी करत नाही). आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे जॉन डीकनचं, जो मुलाखतीतसुद्धा फारसं बोलत नसे. 'द मिरॅकल' आणि 'इन्युएन्डो'वर तर सगळी गाणी चौघांच्या नावावर, कोणी लिहिलंय ते न सांगता. साथीदारांशी असा व्यवहार करत नाहीत.

पाचगणीबद्दल दोनच वाक्यं. नाव फारुख नाही, फर्रोख. झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा, सेंट पीटर्समध्ये शिकला हे खरं. तिथे 'द हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँड होता, त्यात हा मागे पियानोवर बसायचा आणि पुढे उभं राहून गायचा दुसराच मुलगा, तेव्हा 'जन्मजात लीड सिंगर' हेही कोणी ठोकून देऊ नये.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगत बसलो तेव्हा एक वाजत आला होता. तिला तारखांत फारसा रस नव्हता. तिने एकच विचारलं, "मग त्याच्या सोलो गाण्यांचं बँडने काय केलं? चिडले नाहीत?"

काय केलं, तर घेतली. फ्रेडी गेल्यावर तिघांनी १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला. त्यासाठी 'मिस्टर बॅड गाय'मधली दोन गाणी निवडली, त्याचा आवाज ठेवला आणि भोवतीचं सगळं स्वतः नव्याने वाजवलं. त्यातलं एक, 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू', दोन्ही रूपांत तिला पाठवलं. सोलोतलं डिस्कोच्या ठेक्यावरचं, चकचकीत. बँडचं ब्रायनच्या गिटारीने भरलेलं, अंगावर येणारं.

सकाळी तिचा मेसेज होता, 'सोलोवालंच भारी. गिटारने सगळं गिचमिड केलंय.' मी म्हटलं, पुन्हा ऐक, नीट हेडफोन लावून. ती म्हणे, तीनदा ऐकलं. हे भांडण अजून चालू आहे आणि तिला काहीही कळत नाही असं माझं मत आहे.