दशपर्णी अर्काने तेल्या ‘मुळापासून’ जात नाही

सांगोला तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाठवला आणि त्याखाली स्वतःची एक ओळ जोडली : ‘कॉपर बंद केले आहे, आता महिनाभर हेच मारणार.’ कॉपर म्हणजे तांबेयुक्त औषधाची फवारणी. मामांची 2 एकर ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाची बाग आहे, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा हंगाम) धरलेला आहे, पाऊस चालू आहे आणि कडेच्या ओळीतील पाच झाडांवर तेल्या रोगाचे तेलकट डाग दिसू लागले आहेत. हा संदेश याआधीही तीन-चार गटांतून माझ्याकडे आला होता आणि प्रत्येक वेळी मी तो न वाचता पुढे गेले, याचे मला आता वाईट वाटते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. दशपर्णी अर्कात (कडुनिंबासह दहा झाडांची पाने शेण-गोमूत्रात महिनाभर आंबवून केलेल्या अर्कात) लसूण आणि हळद मिसळून 15 लिटरच्या पंपाला 200 मिली या प्रमाणात फवारल्यास तेल्या सात दिवसांत मुळापासून बरा होतो. त्यामुळे डागी फळे तोडण्याची, छाटणीची किंवा बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या तांबेयुक्त मिश्रणाची) गरज उरत नाही. हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, मिश्रण नैसर्गिक असल्याने कितीही फवारले तरी चालते, त्याच दिवशी फळ तोडता येते आणि औषध कंपन्या ही माहिती दडवून ठेवतात.

सर्वात घातक भाग डागी फळे झाडावर ठेवण्याचा आणि छाटणी टाळण्याचा आहे, म्हणून त्याचा विचार आधी करते. तेल्या हा झॅन्थोमोनास या जिवाणूमुळे होणारा रोग आहे. आपल्या देशात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये दिल्लीत झाली आणि 2000 नंतरच्या दशकात त्याने सोलापूर, नाशिक, सांगली या पट्ट्यांत आणि कर्नाटकात बागाच्या बागा उपटायला लावल्या. हा जिवाणू पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून आणि जखमांतून आत शिरतो आणि पेशींच्या मधल्या जागेत वाढतो. आपल्याला तेलकट डाग दिसतो तेव्हा तेथील पेशी आधीच मरू लागलेल्या असतात. मेलेली पेशी कोणत्याही फवारणीने जिवंत होत नाही, त्यामुळे डाग पडलेले फळ पुन्हा स्वच्छ होणे शक्यच नाही. बोर्डो मिश्रणही डाग बरा करत नाही. ते निरोगी पानाफळांवर थर धरून राहते आणि बाहेरून येणाऱ्या जिवाणूला आत शिरण्यापूर्वी मारते, एवढेच त्याचे काम आहे आणि तेच महत्त्वाचे आहे.

आता डागी फळ झाडावरच ठेवले तर काय होते ते पाहावे. पावसाचा प्रत्येक थेंब त्या डागावर आपटतो आणि जिवाणू घेऊन शेजारच्या पानावर, फळावर, पुढच्या झाडावर उडतो. हवेत 28 ते 30 अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता असेल तर त्याला आणखी काहीच लागत नाही. पेरांवर आणि फांद्यांवर डाग पोहोचला की तेथे चीर पडून फांदी मोडते, आणि गळालेल्या पानांत हा जिवाणू चार-चार महिने जिवंत राहतो. म्हणूनच डागी फळे आणि पाने वेचून बागेबाहेर नेऊन जाळणे, कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवणे, तोडणीनंतर बागेला तीन-चार महिन्यांची विश्रांती देणे, त्या काळात रोगट फांद्या डागाच्या खाली छाटून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावणे आणि जेथे तेल्याचा जोर आहे तेथे मृग बहाराऐवजी हस्त बहार (पावसाळा सरताना धरायचा हंगाम) धरणे, ही सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सल्ल्याची मुख्य चौकट आहे. हे केंद्र 2005 पासून याच पिकासाठी काम करत आहे, आणि त्याच्या सल्ल्यात फवारणी हा अनेक कामांपैकी एक भाग आहे. ती कामे सोडून फक्त फवारणी उरली तर फवारणीत काहीही असले तरी रोग आवरत नाही. संदेश नेमकी तीच कामे सोडायला सांगतो, आणि मामांनी ती सोडलीही.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. लसूण ठेचल्यावर त्यात अ‍ॅलिसिन तयार होते आणि ते जिवाणूंना मारते, हे अमेरिकेतील कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी 1944 मध्येच दाखवले होते. ओव्यातील थायमॉल आणि लवंगेतील युजेनॉल यांचाही असा गुण आहे. काचेच्या तबकडीत जिवाणू वाढवून त्यावर अर्काचा थेंब ठेवला, तर भोवती जिवाणूविरहित वर्तुळ दिसू शकते. परंतु त्या तबकडीत ऊन नसते, पाऊस नसतो, जिवाणू उघड्यावर असतो आणि अर्क पुष्कळदा घट्ट असतो. 15 लिटर पाण्यात 200 मिली म्हणजे अर्क 75 पट पातळ झाला. त्यातही लसूण महिनाभर ड्रममध्ये कुजवलेला, जेव्हा अ‍ॅलिसिन मुळातच टिकाऊ नसते. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते आणि त्याचा मुख्य उपयोग किडींविरुद्ध आहे, जिवाणूंविरुद्ध नव्हे. सात दिवसांत फरक पडल्याची जी छायाचित्रे संदेशासोबत फिरतात, त्यांत न फवारलेली ओळ कोठेच दिसत नाही. पावसाने आठ दिवस उघडीप दिली तरी नवे डाग थांबतात, मग श्रेय कोणाला द्यायचे?

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे वाक्य वाचून मला खरोखर भीती वाटली, कारण त्याच संदेशातील पानांच्या यादीत कण्हेर, रुई आणि धोतरा आहेत. कण्हेरीत हृदयावर परिणाम करणारे विष असते, धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो आणि रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते. हे मिश्रण हातमोजे आणि चष्मा न घालता ढवळायचे, फवारायचे आणि त्याच दिवशी फळ तोडून बाजारात पाठवायचे, असे लिहिणाऱ्याने एकदा तरी विचार करायला हवा होता. शिवाय ड्रममध्ये शेण आणि गोमूत्र महिनाभर आंबवलेले असते. ते फळाच्या सालीवर गेले की साल सोलणाऱ्या हातांनी दाण्यांपर्यंत पोहोचते.

कंपन्या लपवतात या आरोपात काही अर्थ नाही. बोर्डो मिश्रण मोरचूद आणि कळीच्या चुन्यापासून शेतकरी घरीच करतो, ते 1885 पासून जगाला माहीत आहे आणि त्यावर कोणाचीही मक्तेदारी नाही.

संदेशामागे रासायनिक औषधांविषयी जी चिंता आहे, तिच्याशी मात्र मी सहमत आहे. तेल्यावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन (स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचे मिश्रण) मारले गेले, आणि माणसांच्या आजारांवर वापरायची प्रतिजैविके शेतात ओतणे चुकीचे आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांवर बंदी आणण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तो याच कारणाने. तांबेही जमिनीत साठत जाते. युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे, पण तेथील सेंद्रिय शेतीतही त्या मर्यादेत तांब्याला परवानगी आहे, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. वनस्पतिजन्य अर्कांवर संशोधन झाले पाहिजे, असेही मला मनापासून वाटते. पण संशोधन व्हायला हवे म्हणजे उपाय हाती आला असे होत नाही, आणि मामांच्या यंदाच्या बहारावर तो प्रयोग होऊ नये.

मामांशी काल फोनवर तासभर बोलले. पाऊस उघडला की सकाळी पाने वाळल्यावर त्या पाच झाडांवरील आणि शेजारच्या दोन ओळींतील डागी फळे-पाने गोणीत भरून बाहेर न्यायची, आजारी झाडांना लावलेली कात्री निरोगी झाडांना लावायची नाही, आणि त्याच दिवशी संपूर्ण बागेवर बोर्डोची फवारणी करायची, एवढे ठरले आहे. ड्रममध्ये उरलेल्या अर्काचे काय करायचे, असे मामांनी विचारले. त्यात कण्हेर आणि धोतरा टाकला आहे, म्हणून तो फळांवर फवारायचा नाही आणि विहिरीजवळ ओतायचा नाही, असे मी सांगितले. पुढच्या वेळी मावा आणि फुलकिडे या किडींसाठी 5 टक्के निंबोळी अर्क ताजा करायचा, त्याची कृती मी त्यांना लिहून पाठवली आहे.