लाकूड ते लाकूड

परवा शेगडी दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने पिशवीत हात घातला, मूठभर पेलेट (शेगडीत जाळायच्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या) बाहेर काढली, बोटांच्या फटींतून खाली सोडली आणि तळहाताला चिकटून राहिलेला भुसा माझ्या बायकोला दाखवून विचारलं, "हे कोणी आणलं?"

मी तिथेच होतो. दीड हातावर, हातात टॉर्च धरून. टॉर्चही त्याच्याचसाठी धरला होता. पण चौकशी माझ्याबद्दल होती, माझ्याकडे नव्हती. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या पोराबद्दल त्याच्या आईला विचारतात ना, तशी. बायको काही बोलली नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मेकॅनिकनेही मग पाहिलं आणि "असं होय" म्हणून पुन्हा शेगडीत डोकं घातलं. ते "असं होय" मला अजून ऐकू येतं.

झालं होतं एवढंच. गेल्या वर्षीपर्यंत आम्ही दर्जाच्या शिक्क्याची, महागातली पेलेट घेत होतो. यंदा उन्हाळ्यात मी एक टन स्वस्तातली घेऊन ठेवली. पंधरा किलोची एक, अशा सदुसष्ट पिशव्या. पाच पिशव्यांमागे एक फुकट पडावी एवढा फरक, शिवाय पिशवीवर सोनेरी अक्षरांत 'प्रीमियम' लिहिलेलं. मग ऐन थंडीत पहाटे चार वाजता शेगडीने तीन शिट्ट्या मारल्या, पडद्यावर एक आकडा दाखवला आणि विझली. घरगुती पेलेट-शेगडी 1980 च्या दशकात अमेरिकेत जेरी व्हिटफील्ड नावाच्या एका विमान-अभियंत्याने आणली, हे वाचलं होतं. पहाटे चारला, ब्लँकेट पांघरून तो आकडा पुस्तिकेत शोधताना त्याचा अर्थ कळला. साधी चूल बिघडली तर धूर येतो. ही बिघडली की कॉकपिट होतं.

मेकॅनिकने आतून काढलं काय, तर एक दगड. कांड्या जळतात ती लोखंडी वाटी तळहाताएवढी असते, तिच्या बुडाला हवेची भोकं असतात, आणि ती सगळी भोकं बुजवून हा करडा, काचेसारखा चकाकणारा गोळा बसला होता. वीटभट्टीत जास्त भाजून काळ्या-वेड्यावाकड्या झालेल्या विटेला खंगर म्हणतात. हा त्याचाच धाकटा भाऊ. लाकडाबरोबर साल आली, सालीबरोबर माती-वाळू आली, की तिच्यातली सिलिका आणि लाकडातलं पोटॅशियम मिळून राख वितळते आणि निवली की दगड. भोकं बंद, हवा बंद, ज्योत आळसावून पिवळीधमक, काच काळी, धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याची दमछाक, आणि मग त्या तीन शिट्ट्या.

हे सगळं मी शांतपणे सोसलं असतं. पण बाहेर मेकॅनिकची गाडी दिसली आणि शेजारचे काका आले.

काका निवृत्त आहेत. जन्मभर एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं नापास करण्याचा त्यांना पगार मिळत असे. पगार थांबला, काम चालू आहे. स्वेटरच्या खिशात जाडी-लांबी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर असतो. लोकांच्या खिशात चष्मा असतो, तसा.

"बघू," म्हणाले, आणि कोणी काही दाखवायच्या आत टीपॉयवरचा पेपर उलगडून त्यावर वीस कांड्या ओळीने मांडल्या. मेकॅनिक हातातलं काम थांबवून बघत बसला. त्याचे तासाचे पैसे मी देतो.

"व्यास सहा पॉइंट शून्य पाच," काका म्हणाले. "सहा, अधिक-उणे एक. पास."

"काका, शेगडी बंद आहे, आणि—"

"लांबी 3.15 ते 40 मिलिमीटर. लिहून घे."

मी लिहून घ्यायला लागलो. का, ते विचारू नका. "3.15 हा कसला आकडा?" एवढंच विचारलं.

"चाळणीचं भोक," काका म्हणाले. इतक्या वर्षांत कोणीतरी हे विचारावं म्हणून जणू ते थांबले होते. "त्यातून जे खाली पडतं तो चुरा. पिशवीबंद मालात शेकडा अर्ध्याहून जास्त नको. तुझ्यात..." त्यांनी पिशवीच्या तळाशी हात घातला आणि कोपरापर्यंत पिठाचा होऊन बाहेर काढला. "तुझ्यात कांड्याच भेसळ म्हणून टाकल्यात."

मेकॅनिक हसला. बायकोही हसली. मी तारीख लक्षात ठेवली आहे.

मग सतराव्या कांडीला काका थबकले. कॅलिपर पुन्हा लावला, चष्मा वर केला. "त्रेचाळीस!" आवाजात असा आनंद की नातू झाल्याचा फोन आलाय. ती कांडी त्यांनी उचलून मेकॅनिकला दाखवली, बायकोला दाखवली, मला दाखवली. "ही आडवी बसली की कांड्या वाटीत ढकलणारा स्क्रू अडकतो." आणि लगेच चेहरा पडला. "वजनात शेकडा एकपर्यंत कांड्या 45 पर्यंत लांब चालतात म्हणा." एका कांडीचे टक्के काढायला त्यांना वीस पुरेनात, म्हणून आणखी ऐंशी मोजून घेतल्या. खोलीत तापमान किती होतं, ते मी सांगत नाही. बायको कोट घालून बसली होती.

त्यानंतर काकांनी पाण्याचा ग्लास मागितला. मला वाटलं, तहान लागली असेल. बायकोने पाहुण्यांसाठीच्या सेटमधला ग्लास दिला, त्यांनी त्यात माझी कांडी सोडली. ती तरंगली. एखादी कांडी तरंगली म्हणून काही बिघडत नाही, पण ही तरंगताना माझ्याकडे बघत होती. काकांनी दुसऱ्या खिशातून प्लास्टिकच्या पुडीत जपलेली स्वतःची कांडी काढली. होय, घरून आणली होती. ती दुसऱ्या ग्लासात सोडली. टुपकन तळाला.

"घनता," काका म्हणाले. "दाबून केलेली असली की पाण्याहून जड होते. बघ, आत गोंद नाही काही नाही. भुसा तापवून साच्यातून दाबला की लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि तेच धरून ठेवतं. आता हा ग्लास हलवायचा नाही. चोवीस तास."

"दहा मिनिटांत विरघळतं ते," मेकॅनिक म्हणाला.

"चोवीस तास," काका म्हणाले.

मला जे खुपलं ते आता लिहितो, कारण वरचं सगळं गमतीचं आहे आणि हे नाही. जुलैमध्ये, ह्याच टीपॉयपाशी, मी दोन पिशव्यांची चित्रं समोर ठेवून ह्याच काकांना विचारलं होतं की कुठली घेऊ. तेव्हा ते कॅलिपरने कान खाजवत म्हणाले होते, "अरे, लाकूड ते लाकूड. छपाईचे पैसे कशाला देतोस?" शब्दशः. मी परवा आठवण करून दिली तर म्हणाले, "म्हटलं असेन. पण शिक्का बघून घेशील, हे मी धरून चाललो होतो."

म्हणजे त्यांनी स्वतःसाठी शिक्क्याचीच घेतली होती. पुडीत जपलेली.

आणि छळ असा की काका अर्धे बरोबर होते. नंतर बसून तपासलं. युरोपात ईएनप्लस नावाचा शिक्का चालतो, त्यात ए-1, ए-2 आणि बी अशा तीन प्रती. तिन्हींना उष्णतेची किमान अट एकच: किलोमागे 4.6 किलोवॅट-तास. म्हणजे ऊब जवळजवळ तीच. जास्तीचे पैसे आपण उबेचे देत नाही, राख न होण्याचे देतो. ए-1 मध्ये राख शेकडा 0.7 च्या आत, ए-2 मध्ये 1.2, बी मध्ये 2. कागदावर हे आकडे मुंगीएवढे दिसतात. एक टनावर मांडले की सात किलो, बारा किलो, वीस किलो. वीस किलो राख कोण उचलतं, ह्याचं उत्तर आमच्या घरात ठरलेलं आहे. ए-1 ची राख वितळायलाही 1200 अंशांच्या वर जावं लागतं, खालच्या प्रतींची 1100 ला मऊ व्हायला लागली तरी नियमात बसते. मोठ्या बॉयलरांत, जिथे जाळी आपली आपण साफ होते, तिथे ए-2 निमूट जळते. बैठकीच्या खोलीतल्या तळहाताएवढ्या वाटीला ते परवडत नाही. हे मला कोणी सांगितलं नाही. दुकानदाराने तर नाहीच. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, शेगडी नीट बसवलेली नसेल. फुटलेली पिशवी परत घेत नाहीत, आणि राख तर जाळल्याशिवाय दिसत नाही. मग माणसाने तक्रार करायची कधी? सरण रचल्यावर?

'प्रीमियम'बद्दलही थोडं. अमेरिकेत पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रात ह्या शब्दाला निदान आकडा बांधलेला आहे: प्रीमियम म्हणजे राख शेकडा 1 च्या आत, स्टँडर्ड 2, युटिलिटी 6. प्रमाणपत्र नसलेल्या पिशवीवर मात्र तो 'सुंदर', 'शुभ' अशांसारखा एक शब्द. ईएनप्लसच्या खऱ्या शिक्क्याखाली दोन अक्षरं आणि तीन आकड्यांचा क्रमांक असतो, माल कोणाचा ते त्यावरून यादीत शोधता येतं. माझ्या पिशवीवर हिरवं पान होतं आणि खाली '100% नैसर्गिक'. नैसर्गिक तर वाळूही असते. तीच निघाली.

रंग बघून घ्या, असंही सांगणारे असतात. फिकट तेवढी चांगली. मी तेही बघितलं होतं! माझ्या कांड्या गोऱ्यापान आहेत. रंग लाकडाच्या जातीने बदलतो, वाळवण्याने बदलतो, आणि त्यावरून राख कळत नाही. दुसरी समजूत अशी की कठीण लाकडाची पेलेट जास्त तापते. ओंडक्यांच्या ढिगात जड लाकूड जास्त भरतं, हे खरं. पण सगळंच दळून, दाबून किलोवर विकलं की तो फरक उरत नाही. उलट सूचिपर्णी झाडांत राळ असते, ती किलोमागे किंचित जास्तच देतात. हे मी काकांना सांगितलं. मला वाटलं, एक तरी गुण मिळेल. ते म्हणाले, "हं. राख मोजलीस का?"

मोजली होती. माझं हुकमाचं पान होतं ते. चार पिशव्यांची, म्हणजे साठ किलोंची, राख डब्यात साठवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली होती. अकराशे ग्रॅम. ए-1 असती तर 420 च्या वर जायला नको होती. काट्यावर राख ठेवली म्हणून घरात जे झालं ते वेगळं लिहीन. पण आकडा हाती होता, तो मी काकांपुढे टाकला.

"ह्यात अर्धवट जळालेला कोळसा आहे," काका बोटाने चिवडत म्हणाले. "प्रयोगशाळेत साडेपाचशे अंशांवर पूर्ण जाळतात, मग तोलतात. हे मोजमाप धरत नाही." आणि ते बोट त्यांनी माझ्या पेपरला पुसलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मेकॅनिकने वाटी खरवडली, नळी झाडली, निघताना सांगितलं की दोन पिशव्या चांगल्या आणा आणि अर्धी-अर्धी मिसळून संपवा, आणि वाटी रोज साफ करा. रोज. आधी आठवड्यातून एकदा करायचो. पाच पिशव्यांमागे एक फुकट पडली होती, त्यातला मोठा वाटा त्याच्या बिलात गेला. उरलेला माझ्या गुडघ्यांत जातो, कारण खरवडायला रोज सकाळी शेगडीपुढे वज्रासनात बसावं लागतं. कोठीत अजून एक्केचाळीस पिशव्या आहेत. ओल लागली तर फुगून भुसा होतात, म्हणून जमिनीपासून उंच, फळ्यांवर रचल्या आहेत. माझ्या चुकीला मी स्वतःच चौथरा बांधून दिला आहे.

दोन्ही ग्लास अजून खिडकीत आहेत. दोन्ही कांड्यांचा दहा मिनिटांत सारखाच चिखल झाला होता. आज चौथा दिवस. मी काल उचलायला गेलो तर बायको म्हणाली, "काकांना विचारलंस?"