मोबाइलवर सामना ‘थेट’ कसा पाहावा

वर्ल्ड कपचा सामना ॲपवर बघायचा बेत असेल तर आधी खिडक्या लावून घ्या. परवा शेवटच्या षटकात आपल्या पडद्यावर गोलंदाज रनअपच्या टोकाला उभाच, आणि अशोक चौकात फटाके वाजून विझलेसुद्धा.

दूरदर्शनच्या फुकट ‘फ्री डिश’वाल्या घराशेजारी राहू नका. त्यांची तबकडी आग्नेयेला जीसॅट-15 उपग्रहाकडे तोंड करून बसलेली, महिन्याचं भाडं शून्य, आणि चेंडू आधी त्यांच्याकडे पडतो. 2007 च्या कायद्यामुळे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला मिळतात. 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते फ्री डिश आणि अँटेनापुरतेच राहिले. आपण पैसेवाले, म्हणून आपण मागे. ॲप व्हिडिओचे पाच-सहा सेकंदांचे तुकडे पाडतं, दोन-तीन साठल्याशिवाय दाखवत नाही. वाटेतला वेळ धरून झाला वीस ते चाळीस सेकंदांचा उशीर. चकरी फिरली की त्यात भर, कारण थांबलं तिथूनच पुन्हा चालू होतं. कोपऱ्यातलं ‘लाइव्ह’ दाबत राहा. मधले चेंडू गेले तर गेले.

राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

डेटाची काळजी नको, रोजचा दीड जीबी भरपूर आहे. फुल एचडी तासाला दोन जीबीच्या आसपास खातं, म्हणजे दहाव्या षटकापर्यंत चंगळ. पुढचा डाव शेंगाचटणी-भाकरी खात नुसत्या स्कोअरवर काढा. 480 च्या हलक्या दर्जावर उतरलात तर सामना जास्त वेळ दिसेल, चेंडू तेवढा दिसणार नाही.

‘जाहिरातमुक्त’ प्लॅन जरूर घ्या. खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘थेट सामने वगळून’ लिहिलंय, ते वाचू नका. मग सहावा चेंडू सीमारेषेकडे पळत असतानाच पानमसाला येईल. रिव्ह्यूचा निकाल? पानमसाला. नव्या षटकाचा पहिला चेंडू? तोही पानमसाल्याच्या पोटात. बरं, हे क्रिकेटपुरतंच नाही. बीडच्या अविनाश साबळेनं 2024 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत मारली. आठ मिनिटं! तेवढीसुद्धा सलग दाखवायला यांचा जीव जातो. जाहिरात दूर ठेवली तर स्टुडिओत चौघं बसून गेल्या वेळच्या सामन्यावर हसत असतात, आणि मैदान त्यांच्यामागे टपाल तिकिटाएवढं.

अरे, वर्षाचे पैसे आगाऊ घेता ना? ओव्हर संपल्यावर लावा की हव्या तेवढ्या जाहिराती, कोण नको म्हणतंय! चेंडू पडून, फलंदाज बाद की नाबाद ते कळेपर्यंत कॅमेरा हलवू नका. एवढं साधं काम जमत नसेल तर हक्कांसाठी बोली लावायला कशाला जाता?