मावसभावाच्या सहीचा कागद

2025 च्या गणेश चवथीला आठ दिवस असताना गोव्यात डिचोलीच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या मावसभावाच्या उजव्या हाताची तर्जनी प्रेसमध्ये सापडून मुळापासून गेली. पात्रांवाने, म्हणजे मालकाने, इस्पितळाचं बिल भरलं, वर पंधरा हजार हातावर ठेवले आणि एका कागदावर सही घेतली: 'यापुढे माझी कसलीही मागणी नाही.' सही डाव्या हाताची, वाकडीतिकडी. मावशीने व्हिडिओ कॉलवर तो कागद मला कौतुकाने दाखवला. पात्रांव किती चांगला, हे सांगायला.

मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एका गोदामात काम करतो. इथे एक सहकारी शिडीवरून पडला, मनगट मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, 'कामावर असताना लागलं?' आणि दाव्याचा फॉर्म तिथेच भरला. पहिल्या आठवड्याचा 80 टक्के पगार मालकाने दिला, पुढचा एसीसी या सरकारी अपघात विम्याने. 1974 पासून हे असंच चालू आहे. चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही. त्याच्या बदल्यात जखमी माणसाला मालकावर भरपाईचा खटला लावता येत नाही. हा सौदा सगळ्यांनाच पटतो असं नाही. मला पटतो, कारण त्या माणसाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

घरच्या ग्रुपवर मी हे लिहिलं, तर उत्तर आलं: 'तुझ्या देशाकडे पैसा आहे. इथे सहा माणसांचं वर्कशॉप, भरपाई मागत बसलो तर उद्या कुलूप लागेल.' या बोलण्यात तथ्य आहे. लहान मालकाच्या गल्ल्यात भावाच्या भरपाईचे अडीच लाख पडून नसतात. पण म्हणूनच तर विमा असतो. न्यूझीलंडचा मालकही पहिल्या आठवड्यानंतर खिशातून देत नाही, वर्षाचा हप्ता भरतो. कामगार भरपाईची पॉलिसी गोव्यातही मिळते.

आणि अडीच लाख हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. 1923 च्या भरपाई कायद्यात पूर्ण तर्जनी जाणं म्हणजे कमाईची क्षमता 14 टक्क्यांनी घटणं. भाऊ पस्तीस वर्षांचा, पगार पंधरा हजार. पगाराचे 60 टक्के, गुणिले त्या वयाचा गुणक 197.06, त्याचे 14 टक्के: 2 लाख 48 हजारांच्या वर. ही रक्कम महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असल्याने तिथे ईएसआय हा कामगारांचा सरकारी विमा नव्हता, म्हणून हाच कायदा त्याला लागू. हक्क सोडून देणारा असा करार या कायद्यात रद्दबातल आहे. म्हणजे मावशीने जपून ठेवलेल्या त्या कागदाला कायद्यापुढे किंमत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कामावर येता-जाताना झालेला अपघातही आता त्यात धरता येतो, हे चांगलंच झालं. पण मूळ दुखणं तसंच आहे. कामावर घेतानाच भरपाईचा हक्क लेखी कळवायची सक्ती मालकावर 2017 पासून आहे. भावाला असा कागद कोणी दिला नव्हता. त्याच्या शेजारच्या मशीनवर ओडिशाचा एक पोरगा आहे. त्याला तर विचारायचीही भीती वाटते, कारण झोपायची खोलीसुद्धा पात्रांवाचीच. आपल्याकडे 'बाहेरचे कामगार' या विषयावर तावातावाने बोलतात, पण त्या पोराचं बोट गेलं तर काय, हे कोणी बोलत नाही.

मावशीचं म्हणणं वेगळंच. 'खाल्ल्या घरचे वासे मोजायचे का रे? त्याच गावात राहायचं आहे आम्हाला.' हे मला इतक्या लांबून उडवून लावता येत नाही. पात्रांवाचं घर त्यांच्या घरापासून चार पावलांवर, माझं समुद्रापार.

तरी भावाला सांगितलं: इस्पितळाचे केसपेपर, पगार जमा झाल्याचं बँकेचं पासबुक आणि तो सहीचा कागद, तिन्ही घेऊन पणजीला लेबर कमिशनरच्या कार्यालयात जा. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2027 पर्यंत. शिगमो, म्हणजे आमची होळी, झाला की जातो, म्हणाला.