अंबिकाबाई धुरंधर: ‘कन्या’ या शब्दाच्या पलीकडे

२०१८ साली मुंबईत काळा घोड्याच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथले जलरंग बघताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. हे कागद टिकले कसे?

माझी आजी हौसेने चित्रं काढायची. ती गेल्यावर तिचं बाड आम्ही माळ्यावर टाकलं. पुढच्या पावसाळ्यानंतर उघडलं, तर निम्म्यांवर बुरशी आणि उरलेल्यांना कसर. घरात माणसं सहा, पण लक्ष एकाचंही नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून मला धुरंधरांच्या मुलगी अंबिकाबाई आठवतात. जन्म १९१२ चा. १९३१ मध्ये त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जी. डी. आर्ट झाल्या. त्या काळात ही पदविका घेणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याच वर्षी वडिलांची त्या संस्थेतली, विद्यार्थिदशेपासूनची, एकेचाळीस वर्षं संपली. १९४४ मध्ये धुरंधर गेले, तेव्हा अंबिकाबाई बत्तिशीच्या होत्या. लग्न केलं नाही. त्यानंतर २००९ पर्यंत त्या जगल्या. म्हणजे वडिलांमागे सुमारे पासष्ट वर्षं, आणि मुंबईचे तितकेच पावसाळे! खारच्या घरात बापाची चित्रं त्यांनी जिवापाड जपली.

पण त्यांची ओळख आपण कशी करून देतो? ‘धुरंधरांची कन्या’. फार तर ‘वडिलांचा वारसा सांभाळणारी’. मला हे पटत नाही. सांभाळणं हे काम लहान नाहीच, माझ्या आजीच्या बाडाला विचारा. पण ही बाई स्वतः शिकलेली चित्रकार होती, तिच्या हाताला वळण होतं. ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मचरित्रही तिने लिहिलं. वडिलांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ज्यांनी वाचलंय, त्यांनी मुलीचं पुस्तकही त्याच्या शेजारी ठेवून वाचावं. एकाच घरातली दोन माणसं चित्रकलेबद्दल बोलताहेत, आणि आपण एकाचंच ऐकत आलोय.

धुरंधरांची चित्रं फेसबुकवर रोज कुणीतरी टाकतं, हजार लाइक्स पडतात. अंबिकाबाईंचं चित्र माझ्या टाइमलाइनवर आजवर एकदाही आलेलं नाही.

कुणाच्या घरी, संग्रहात, जुन्या दिवाळी अंकात त्यांचं चित्र असेल तर कृपया कमेंटमध्ये फोटो टाका. सही दिसेल असा.