रोज एक रील आणि नव्वद दिवसांत नाव?

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सारखा पुढे ढकलला जातो. शब्द बदलतात, मजकूर तोच: "आता कंपनी नको, ओळख नको. गाणं चांगलं असेल तर लोक शोधत येतात. रोज एक रील टाका. गाजलेल्या गाण्यांची कव्हर गा. हिंदीत गा, मराठीला मार्केट नाही. थोडे पैसे टाकून प्लेलिस्टमध्ये जागा घ्या. नव्वद दिवसांत नाव होईल." शेवटी आगीचे तीन इमोजी. यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच हुशार मुलंही त्याला भुलतात. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

"गाणं चांगलं असेल तर लोक शोधत येतात"

संगीताची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट कंपनीने २०२३ साली स्ट्रीमिंगवरची सुमारे १८ कोटी ४० लाख गाणी मोजली. त्यातली साडेचार कोटींहून जास्त गाणी वर्षभरात एकदाही कुणी लावली नव्हती. ती सगळी टाकाऊ होती असं मानायला मी तयार नाही. स्पॉटिफायने तर २०२४पासून नियमच केला आहे: मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीपोटी काहीही मिळत नाही.

चांगलं गाणंही सापडेल अशा जागी ठेवावं लागतं. आपल्याकडे बरेचजण मराठी गाणं रोमन लिपीत शोधतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. 'साडी'त कुणी एक 'ए' घालतो, कुणी दोन. 'ळ'चं काय करायचं हे तर आजवर कुणालाच उमगलेलं नाही. म्हणून यूट्यूबवर शीर्षक दोन्ही लिपींत द्यावं, वर्णनात गाण्याचे पूर्ण शब्द आणि गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं टाकावीत. पाच मिनिटांचं काम आहे. तरी कित्येक नव्या गाण्यांखाली फक्त 'लाइक, शेअर, सबस्क्राइब' एवढंच असतं.

"रोज एक रील टाका"

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं.

रीलमध्ये माणूस दिसतो. गाणं ऐकलं जातंच असं नाही. तीस सेकंदांत ध्रुवपद संपतं, अंगठा वर सरकतो, आणि तुमचं नाव काय हे बघणाऱ्याने वाचलेलंही नसतं. लाखभर लोकांनी पाहिलेल्या रीलनंतर त्याच गायकाच्या पूर्ण गाण्याला चारशे ऐकणारे मिळतात, असं चित्र नवं नाही. मग गायक काय करतो? गाणं सोडून रीलच्या मागे लागतो. रोज नवीन काहीतरी द्यायचं म्हटल्यावर रियाजाची सकाळ चित्रीकरणात जाते आणि चाल बांधायची रात्र कॅप्शन लिहिण्यात. वर्षभराने हातात तीनशे तुकडे असतात आणि पूर्ण गाणं एकही नसतं.

संजू राठोड यांचं उदाहरण या संदेशाबरोबर हमखास येतं. जळगाव जिल्ह्यातला मुलगा, २०२४मध्ये 'गुलाबी साडी' आलं आणि देशभर रील्सवर वाजलं. खरंच वाजलं. पण त्याआधीही त्यांची पूर्ण गाणी यूट्यूबवर होती आणि 'नऊवारी पाहिजे' चांगलं चाललंही होतं. म्हणजे 'गुलाबी साडी' ऐकून जो चॅनेलवर पोहोचला, त्याला पुढे ऐकायला आणखी गाणी मिळाली. शिवाय त्या गाण्यावर रील्स बनवल्या त्या इतरांनी: नवऱ्या मुलींनी, नाचणाऱ्या आज्यांनी, परदेशातल्या लोकांनी. स्वतः रोज एक रील टाकणं आणि लोकांना आपल्या गाण्यावर रील करावीशी वाटणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यासाठीची साधी तजवीज बरेचजण विसरतात. वितरकामार्फत (म्हणजे गाणं स्पॉटिफाय, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत) गाणं रीतसर प्रसिद्ध झालेलं असेल, तर ते इन्स्टाग्रामच्या संगीत-यादीत नावानिशी येतं आणि कुणीही ते उचलू शकतं. नुसतं फोनवर गाऊन टाकलंत तर ते 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून पडून राहतं. आधी गाणं, मग रील. आठवड्याला एक पुरते.

आणि सगळी अंडी एकाच टोपलीत घालणाऱ्यांनी २९ जून २०२० ही तारीख आठवावी. त्या दिवशी भारतात टिकटॉकवर बंदी आली. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांचे लाखो फॉलोअर त्यासोबत गेले, आणि त्यांच्याकडे त्या लोकांपर्यंत पोहोचायला दुसरा कुठलाच रस्ता नव्हता.

"गाजलेल्या गाण्यांची कव्हर गा"

कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात. सुरुवातीला गा, आवाज ओळखीचा व्हायला मदत होते. पण यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा मूळ चाल ओळखू शकते, आणि हक्कधारकाने दावा केला की त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे सहसा त्याच्याकडे जातात. कायदाही बघा: २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीनुसार कव्हर रेकॉर्डिंगचा वैधानिक परवाना (मालकाच्या मर्जीवर न अवलंबणारा, कायद्याने मिळणारा) मिळतो, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्यावरच, आणि रॉयल्टी आगाऊ भरून. 'मूळ गायकाला श्रेय दिलंय' या ओळीला कायद्यात किंमत शून्य.

"हिंदीत गा, मराठीला मार्केट नाही"

हे वाचून हसावं की चिडावं कळत नाही. 'हाई झुमका वाली पोर' हे गाणं मराठीतही नाही, अहिराणीत आहे! खान्देशातल्या लग्नांच्या वरातींपासून ते कुठवर गेलं हे वेगळं सांगायला नको. आगरी-कोळी गाण्यांचं तर स्वतःचं जग आहे: हळदीचे कार्यक्रम, डीजे, बँजो पार्ट्या, आणि त्यावर पोट भरणारे गायक. क्रेटेक्स आणि श्रेयस या कलाकारांचं 'तांबडी चामडी' हे गाणं २०२४मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढलं. हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक) संगीत आणि अस्सल मराठी शब्द यांचं मिश्रण त्या लेबलच्या यादीत दुसरं नव्हतं, म्हणून ते उठून दिसलं. हिंदीत तुमच्यासारखा आवाज असलेले हजारो आहेत. मालवणीत किंवा वऱ्हाडीत आजचं, तरुण, नीट रेकॉर्ड केलेलं गाणं करणारे किती आहेत, मोजून बघा. गर्दीत उठून दिसायचं असेल तर गर्दी कमी असलेल्या जागी उभं राहणं हा काही गुन्हा नाही. अर्थात त्या बोलीत तुम्ही जगत असाल तरच. पुण्यात बसून ओढूनताणून केलेली मालवणी कुडाळच्या माणसाला दोन ओळींत कळते.

"पैसे टाकून प्लेलिस्टमध्ये जागा घ्या"

नको. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टमधली (त्यांचे संपादक निवडतात त्या गाण्यांच्या यादीतली) जागा विकत मिळत नाही. जो विकतो म्हणतो तो बहुधा बॉट विकतो, म्हणजे माणसांऐवजी गाणं लावत बसणारे प्रोग्राम. खोटी स्ट्रीम पकडली गेली की तिची रॉयल्टी रोखली जाते, प्रमाण मोठं असेल तर वितरकाला दंड बसतो, आणि तो तुमचं गाणंच काढून टाकू शकतो. फुकटचा रस्ता उघडा आहे: गाणं प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मधून संपादकांकडे पाठवायचं. निवड झाली नाही तरी तुमच्या फॉलोअरांच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीत ते पोहोचतं. प्लेलिस्टवर उडवायच्या पैशात एक बरा मिक्सिंग इंजिनिअर मिळतो.

"कंपनी नको, ओळख नको"

रेकॉर्ड कंपनी नसली तरी चालेल. ओळख मात्र लागतेच, फक्त ती कुठल्या साहेबाची नव्हे. गणेशोत्सवातलं मंडळ, दिवाळी पहाट, कॉलेजचं गॅदरिंग, बृहन्महाराष्ट्र मंडळांचे स्नेहमेळावे, इथे ज्यांनी तुम्हाला समोर बसून ऐकलं ते तुमचं पुढचं गाणं स्वतःहून लावतात. कार्यक्रमानंतर त्यांचे नंबर विचारून, त्यांच्या परवानगीने, एक साधी यादी ठेवा. दोनशे जणांची ती यादी कुठल्याही बंदीने जात नाही.

आणि कंपनी नसली म्हणजे तिचं कागदी काम तुमच्या गळ्यात. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सभासद व्हावं; १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था त्यांची रॉयल्टी गोळा करते. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची जगभर चालणारी ओळख) मिळालाय का ते वितरकाकडे तपासा. चौघा मित्रांनी मिळून गाणं केलं असेल तर कुणाचे किती टक्के हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच लिहून सह्या करा. गाणं नाही चाललं तर एक कागद वाया गेला, इतकंच.